मनकर्णाबाई पाण्यात उतरल्या तेव्हा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय उत्तमरावजी, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, जिच्यासाठी आपण सारे जमलो ती आपली इंदूताई गवई, आणि जलतरण तलावाच्या सकाळच्या बॅचमधल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी गीतांजली, जठारपेठेतली. पाण्याला भिणारी म्हणून इथं माझी ख्याती होती, तेव्हा आज माइकलाही भिणारच. सांभाळून घ्या.

पोहायला शिकवताना इंदूताई आपल्या चेहऱ्याकडे कधी बघायचीच नाही. "तोंड हसते वो, पाय खरं सांगते," म्हणायची. मी शिकायला आले तेव्हा माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, सोबतीला यायच्या आणि कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायच्या. एका सकाळी इंदूताई त्यांच्यासमोर थांबली.

"आई, तुमचे पाय काऊन हलून राहिले?"

"थंडी वाजून राहिली."

"अकोल्यात? मे महिन्यात?"

सासूबाई हसल्या, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माहेर पूर्णेच्या काठी. वडिलांनी पोहायला शिकवलेलं. लग्न होऊन अकोटला गेल्यावर सुनेनं नदीवर जायचं नाही, असं ठरलं आणि विषय संपला. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं राहिले, मला पत्ता नव्हता. "सांगितलं का नाही?" म्हटलं, तर म्हणाल्या, "कोणी इचारलंच नाही."

आपल्याच घरातलं माणूस आपण कितीसं ओळखतो हो?

त्या पोहू लागल्या आणि घरात वादळ उठलं. माझे सासरे किसनराव म्हणजे कडक माणूस. "या वयात हे सोंग कायले?" झालं, सासूबाई यायच्या थांबल्या. तेव्हा इंदूताई सरळ आमच्या घरी आली, चहा घेतला आणि म्हणाली, "काका, एकदा येऊन पाहा. मंग नाही म्हणा."

महिलांची वेळ संपल्यावर मामंजींना आत घेतलं. ते घडी घातलेल्या वर्तमानपत्रासारखे ताठ बसले. सासूबाईंनी खोल बाजूला सूर मारला आणि दिसेनाशा झाल्या. पाणी पुन्हा सपाट झालं. इंदूताई मात्र काठावरून पाण्याखालच्या सासूबाईंवर नजर ठेवून चालत होती, हे मामंजींच्या ध्यानात आलं नाही. ते बुटांसकट काठावर धावले.

"मनकर्णा!"

मैत्रिणींनो, "ऐकलं का" यापलीकडे त्यांच्या तोंडून बायकोला हाक गेलेली मी तरी ऐकली नव्हती.

सासूबाई पलीकडच्या भिंतीशी वर आल्या. "काय झालं? काऊन वरडून राहिले?"

"काही नाही. टॉवेल कुठी ठेवला, ते इचारत होतो."

दुसऱ्या दिवसापासून टॉवेल घेऊन तलावाच्या फाटकाशी तेच उभे राहायचे. शेवटच्या आजारपणापर्यंत उभे राहिले. आज ते नाहीत. सासूबाई समोरच्या रांगेत आहेत. भाषण करायला नाही म्हणाल्या. पण निघताना इंदूताईसाठी निरोप दिला, तो जसाच्या तसा सांगते:

"इंदूले म्हणा, त्या दिवशी मी मुद्दामच जास्त वेळ खाली राहिली होती."

हे गुपित भर सभेत फोडल्याबद्दल सासूबाईंनी, आणि बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर आपण सर्वांनी, मला पदरात घ्यावं. इंदूताई, आमच्या घराकडून तुझे आभार. नमस्कार.