पायडलवरचा पाय

जवळा बाजारला यष्टीच्या रांगेत माझ्या मागं एक मोटार मिस्त्री आणि कुण्या शेटचा ड्रायव्हर उभे होते.

"मिस्त्री, आमच्या शेटच्या गाडीची बॅटरी काहून उतरून राहिली, सापडलं का?"

"सापडलं. गाडी उभी असली तरी मागचा ब्रेकचा लाल दिवा जळून राहतो."

"मंग स्विच खराब असंल."

"नवा बसवला. वायरबी बदलली. समदं बराबर हाये, नरसिंगराव. पायडल दाबल्याबिगर तो दिवा लागतच न्हाई."

"पन गाडीला कुलूप होतं. चावी माह्या खिशात."

"व्हय. म्हनून काचेतून पाहिलं. पायडल खाली दबलेलं होतं."

"काय सांगता!"

"तुमच्या आधीचा ड्रायव्हर, ग्यानोबा. त्याला ह्याच गाडीतून तुमीच भाईर काढलं ना?"

"दुष्काळाच्या साली. उतारावर ब्रेकच लागला न्हाई, झाडावर आदळला बिचारा. जीव गेला, तरी पाय पायडलवरच दाबलेला होता."

"तुमी हसाल. मी काचेला तोंड लावून म्हनलं, ग्यानोबा, गाडी थांबली बाबा, आता पाय काढ."

"मंग?"

"दिवा इझला. अन् ड्रायव्हरकडचं दार आतून उघडलं."