नव्या टेपचा निकाल

प्रिंटरची ती खडखड अजून माझ्या कानात आहे. नागपुरात एका कॉम्प्युटरच्या खोलीत मी कागद चढवायचो. त्या दिवशी परीक्षेचा निकाल छापत होतो, आणि पहिल्याच रामटेक केंद्राची पोरं ओळीमागून ओळ नापास निघाली. चांगले मार्क असलेलीसुद्धा.

आमचे साहेब प्रोग्राम लिहिणाऱ्या वानखेडे मॅडमवर भडकले. "प्रोग्राम तुमचा, मॅडम. पोरायले नापास तुम्हीच करून राहिल्या."

"साहेब, मागच्या वर्षी हाच प्रोग्राम बरोबर चालला. यंदा मशीनच्या कंपनीची नवी सिस्टिम टेपवर आली, तिच्यासोबत कंपायलरही नवा आला."

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा, एवढं मला मॅडमनीच सांगितलं होतं.

"एवढी मोठी कंपनी चुकते काय? चूक सापडली नाही तर नोकरी विसरा."

मॅडम कितीतरी दिवस स्वतःचीच चूक शोधत बसल्या. "चहा थंडा होऊन राहिला, मॅडम," म्हटलं तरी मान वर होत नव्हती. शेवटी त्यांनी चार ओळींचा प्रोग्राम लिहून मशीनला विचारलं, साठ हे पस्तीसपेक्षा जास्त आहेत का? मशीननं छापलं, नाही.

कंपनीचा इंजिनियर आला. कागद पाहून म्हणाला, "हां, बाकी सिस्टिम तपासली होती. कंपायलरला वेळच नाही मिळाला, टेप पाठवायची घाई होती. म्हटलं, तुमच्याकडे चालवल्यावर कळेलच."

साहेब मोकळे हसले. "चला, सुटलो. मॅडम, आता बसा अन् जुन्या टेपवर सगळं पुन्हा छापा."

मॅडमनी आपला जेवणाचा डबा उचलला आणि जिना उतरून घरी निघून गेल्या.