अप्पा आली

या, असे जवळ सरकून बसा. हरिकथेला अजून अवकाश आहे, तोवर मालपे बंदराच्या बसथांब्यावर आज कानी पडलेलं सांगते. मासे विकणारी जलजक्का तिच्या शेजारणीशी, सुमतक्काशी बोलत होती.

"सुमतक्का, तुझा नातू अजून बापाला ‘ती’च म्हणतो?"

"बाप घरी आल्यापासून तेच. ‘अप्पा आली, ती जेवली!’ सगळी आळी हसते गं."

"हसेल नाहीतर काय! घरात तू, सून, तुझी धाकटी लेक. सगळ्या ‘ती’च."

"पण ‘तो’ येतं की त्याला! बाप जहाजावर होता तेव्हा रोज विचारायचा, ‘तो कधी येणार?’"

"मग घरी आल्यावर ‘ती’ कशी झाली?"

"तेच कळेना. विचारलं तर म्हणतो, ‘तो लांब असतो. अप्पा तर इथंच आहे.’"

"अगंबाई! मग शिकवलंस की नाही?"

"सुनेनं शिकवू दिलं नाही. आज सकाळी बाप परत जहाजावर गेला."

"आणि पोरगं?"

"दारात उभं राहून म्हणालं, ‘तो गेला.’ अगदी बरोबर म्हणालं गं. आता त्याला शाबास म्हणू, की काय करू?"

बस आली, दोघी चढल्या. आज आरती घ्याल तेव्हा समुद्रावरच्या त्या बापाची आठवण ठेवा.