चारशे अकरा जणांनी उचललेलं कपाट

नाही हो, डिलीट केलं म्हणजे पाटी पुसली असं नसतं ते — बसा ना तुम्ही, उभ्यानं किती ऐकणार, ती नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. लिफ्ट बंद, त्यात चार मजले, दम लागला असेल. खालच्या रखवालदारानं फोन केला होता मला. पाचच्या आत दाखला हवा, उद्या दवाखान्याची चौकशी समिती बसणार, त्यांना लेखी पाहिजे की तुमच्या मिसेसना जी गोळी दिली तिच्यामागचे आकडे खोटे निघाले आणि इथून काढून टाकले. मिळेल. पण चारशे बाराच्या चारशे बारा नोंदी निघाल्याशिवाय दाखला छापलाच जात नाही, तशी सोयच आहे या यंत्रात. सकाळपासून चारशे अकरा काढल्यात मी. एक राहिलीय. एकच. काढते. पाणी घेता? तांब्या भरलेला आहे.

हां, तर पाटी. जगभरातले दवाखाने इथे आपापल्या पेशंटच्या नोंदी टाकतात — नाव नाही, फक्त नंबर — आणि कुठल्याही डॉक्टरला गोळी ठरवायची झाली की तो इथले आकडे बघतो. आता मी इथून काढल्या, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतल्यात त्यांच्याकडे त्या राहणारच की! एकोणीस ठिकाणी पत्रं पाठवली. उत्तरं किती आली? दोन. त्यातलं एक 'आम्ही रजेवर आहोत' म्हणणारं, आपोआप येतं ते. म्हणजे आजही कुठेतरी कुणीतरी त्या आकड्यांवरून गोळी लिहून देत असेल. कुणाला काय सांगणार? मी आपली माझ्या पुढ्यातलं काढते.

कसं केलं या नोंदी टाकणाऱ्या डॉक्टरांनी? अहो, सोप्पं. पेशंटच्या छातीला पट्टा बांधायचा, तीस दिवस, ठोके मोजत राहतो तो. चारशे बारा माणसांना गोळी दिली, पट्टा बांधला, सगळे सुधारले — असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात माणूस एक. एकाचे ठोके घेतले, थोडे वर, थोडे खाली, वजन किलोभर इकडेतिकडे — झाला दुसरा माणूस. झाला तिसरा. विशीतल्या पोरीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे त्या एका माणसाच्या छातीतून काढलेले. आणि सापडले कशात माहितीये? अकराव्या दिवशी दुपारी पट्टा बावीस मिनिटं बंद. मग परत सुरू, आणि ठोके एकशे अडतीस. चारशे बाराच्या चारशे बारा जणांचं हेच! बावीस मिनिटं बंद, मग एकशे अडतीस. तेवढं बदलायचं राहून गेलं त्यांच्याकडून. किंवा कंटाळा केला असेल. हुशार माणसंही कंटाळा करतात.

बावीस मिनिटं का? कपाट. — हसताय? हसा, मीही हसले असते. लोखंडी कपाट होतं, माझं. घर बदलत होते मी, हमाल आलेच नाहीत, कपाट खाली रस्त्यात उभं, वर आभाळ भरलेलं. अण्णा म्हणाला, सरक तू. म्हटलं अण्णा, तुला डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नको सांगितलंय. तर पठ्ठ्यानं शर्टाखाली हात घालून पट्टाच काढला, माझ्या हातात दिला, म्हणाला, धर, आता त्यांना कसं कळणार? आणि शेजाऱ्याला घेऊन दोन जिने कपाट वर! ठेवलं, घाम पुसला, पट्टा बांधला. एकशे अडतीस. मी तो पट्टा हातात धरून जिन्याखाली उभी होते बावीस मिनिटं, त्याला ओरडायचं सोडून. माझ्या कपाटासाठी. अण्णा म्हणजे थोरला भाऊ माझा. आईबाप गेल्यावर त्यानंच — जाऊ दे. त्या डॉक्टरांकडे नेला कुणी? मीच. इथे नोकरीला, म्हणून माझी ओळख.

ही राहिलेली नोंद त्याची. खरी. एवढी एकच खरी. पण नियम काय सांगतो, गठ्ठ्यात खोटं सापडलं की अख्खा गठ्ठा काढायचा, निवडत बसायचं नाही. बरोबरच आहे नियम, मीच इथल्या नियमांच्या समितीत बसून लिहिलाय. सव्विसाव्या दिवशी गेला तो. डॉक्टरांनी काय लिहावं? 'पेशंटने उपचार अर्धवट सोडले.' मेला असं लिहिलं असतं तर गोळीचा बोभाटा झाला असता ना. दुसरीकडे कुठे त्याचं काही नाही आता. कपाट आहे. दार नीट लागत नाही त्याचं.

आणि बाकीच्यांचं बघा तुम्ही — तीस दिवस पुरे. तिसाव्या दिवशी ठोके बहात्तर, चालताना धाप नाही, झोप चांगली. सगळेच्या सगळे बरे. म्हणजे — मला काय वाटायचं, हा अण्णाच आहे. इथे बाई झालाय, इथे म्हातारा झालाय, पण कपाट उचलतो, धापा टाकतो, आणि सव्विसावा दिवस ओलांडून पुढे जातो. सत्तावीस. अठ्ठावीस. मी बोट ठेवून वाचायचे. रोज डब्याच्या वेळी एक नोंद उघडायची, तिसाव्या दिवसापर्यंत वाचायची, मग डबा बंद करून कामाला लागायचं. चांगला जायचा दिवस. दोनदा सगळे वाचून झाले, तिसऱ्यांदा घेतले होते, दोनशेच्या आसपास —

काय?

मागच्या महिन्यात. हो, मागच्या महिन्यातच उघडकीला आलं, कुणा बाहेरच्या अभ्यासकाचं पत्र आलं, पेपरात तसंच आलंय. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे.

असं बघू नका हो. कळतंय मला. एका महिन्यात हजार डबे कुठून येतील?

चार वर्षं झाली. ऑगस्टमध्ये तपासणीला गठ्ठा माझ्याच टेबलावर आला. बावीस मिनिटं दिसली, एकशे अडतीस दिसलं, म्हटलं अगं बाई, अण्णा! रडले मी. मग पुढची नोंद उघडली. मग पुढची. वीस उघडल्या तेव्हा सगळं कळलं होतं, काही कळायचं राहिलं नव्हतं. बरोबर आहे अशी खूण केली आणि घरी गेले. उद्या सांगू म्हटलं. काढून टाकल्या असत्या तर तो परत सव्विसाव्या दिवशीच — एवढंच. एवढ्यासाठी. दुसरं कारण नाही. तुम्हाला सांगण्यासारखं तर नाहीच.

द्या ती फाईल इकडे. द्या हो, लपवता कशाला, मीच सांगते आकडा. गोळी सुरू केली — दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी. ही तारीख तुम्ही आल्यापासून मी विचारत नव्हते तुम्हाला. चार वर्षं आणि दोन वर्षं. मी त्या ऑगस्टमध्ये तोंड उघडलं असतं तर फेब्रुवारीत तुमच्या डॉक्टरांनी ही गोळी लिहिली नसती. माझ्या माणसासाठी तुमचं माणूस गेलं, आणि माझंही काही परत आलं नाही. माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू?

हा पडद्यावर रकाना बघताय, दाखल्यातला? 'गैरप्रकार प्रथम लक्षात आल्याची तारीख.' सकाळी मी इथे मागच्या महिन्याची घातली होती. खोडते. बारा ऑगस्ट, चार वर्षांपूर्वीची. 'कोणाच्या लक्षात आला' — माझं नाव, माझा हुद्दा. समितीला दाखवा. तुमच्या काय उपयोगाचं ते मला नाही माहीत. नोकरी जाईल माझी, त्यानं तुमच्या घरात कोण उठून बसणार आहे?

आता ही नोंद. थांबा, एकदा — नको. अकरावा दिवस वाचत बसले तर हात उचलणार नाही माझा.

झालं.

निघाला कागद, घ्या. शिक्का खाली त्या खिडकीत मारून मिळेल, पाचला दोन मिनिटं कमी आहेत, धावत नका जाऊ, चार मजले आहेत. पाणी प्यायलाच नाहीत तुम्ही.  बरं. दार ओढून घ्या जाताना. अहो, जा ना.