रिकामा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे

मंडळी,

मागे दाराशी जे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर जागा आहे. द्वारका, नोएडा, गुरुग्राम, कुठून कुठून आलात तुम्ही. मृदुलेला बरं वाटलं असतं. आणि लगेच तिनं विचारलं असतं, "एवढ्या लोकांच्या चहाचं कोण बघतंय?"

मला बोलायला सांगितलंय. माझं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं. कुणी मोठा माणूस गेला की पान छपाईला जायच्या आत त्याच्यावर लिहून द्यायचं, ही माझी नोकरी होती. मैत्रिणीवर मात्र चार ओळी जमेनात. लिहायला बसले की रडू येत नाही, राग येतो. "ताई, आज शांतपणे बोला," असं मला दोघातिघांनी सांगितलं. शांतपणे बोलेन. राग मात्र घेऊनच उभी आहे.

मृदुला कशानं गेली, हे इथं सगळ्यांना नीट ठाऊक नाही. "न्यूमोनिया झाला होता म्हणे," असं बाहेर चप्पल काढताना मी ऐकलं. न्यूमोनिया झाला होता. पण ती न्यूमोनियानं गेली नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणींप्रमाणे मृदुलेला दोन नावं होती. माहेरची शैलजा. इथली, दिल्लीतल्या मंत्रालयातली नोकरी लग्नाआधी लागली, म्हणून सेवापुस्तकात शैलजा आणि सरकारी आरोग्य कार्डावरही शैलजा. लग्नात अविनाशरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मृदुला' लिहिलं. मग आधारवर मृदुला, पासपोर्टवर मृदुला. ती म्हणायची, "ऑफिसात शैलजा राबते, घरी मृदुला. यार, पगार मात्र एकीलाच."

काही वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. रुग्णालय खासगी, मोठं, काचेचं. तिथं सरकारी कार्ड दाखवलं, म्हणून नोंद झाली शैलजाची. एक इंजेक्शन दिलं, पेनिसिलिनच्या जातीचं. तिचा घसा सुजला, श्वास कोंडला. तेव्हा वाचली. डॉक्टरांनी संगणकात लिहिलं की हे औषध या बाईंना पुन्हा कधीही देऊ नये. अगदी बरोबर केलं त्यांनी.

मग एकदा ती त्याच रुग्णालयात डोळे तपासायला गेली. काउंटरवर म्हणाले, "आधार दीजिए." दिलं. संगणकानं नवी बाई तयार केली. मृदुला. डोळेच तपासायचे, म्हणून ॲलर्जीबद्दल कुणी विचारलं नाही. तो रकाना रिकामा राहिला. आणि मंडळी, त्या यंत्राला असं शिकवलेलं होतं की रकाना रिकामा असला, की पडद्यावर दाखवायचं, 'ॲलर्जी: नाही'.

विचारलंच नाही आणि नाही, या दोन गोष्टी एकच आहेत का? आपली कामवालीसुद्धा विचारते, "दीदी, साखर नको की सांगायची राहिली?"

मृदुलेकडे रिपोर्टांची एक पिशवी असायची, आपल्या सगळ्यांच्या घरी असते तशी. त्याच रुग्णालयात तिला सांगितलं, "मैडम, ये सब ढोने की ज़रूरत नहीं, अब सब ऑनलाइन है." तिचा विश्वास बसला. का बसू नये?

या वेळी ताप होता, धाप लागत होती. अविनाशरावांनी तिला तिथंच नेलं. इमर्जन्सीत आधार मागितलं, त्यांनी आधार दिलं. मृदुलेला बोलता येत नव्हतं. डॉक्टर मुलीनं विचारलं, "किसी दवा से एलर्जी?" अविनाशराव म्हणाले, "हाँ, एक इंजेक्शन से हुआ था, आप ही के यहाँ. नाम याद नहीं. आपके रिकॉर्ड में होगा." तिनं रेकॉर्ड उघडलं. पडदा त्यांच्याकडे वळवला. "अंकल, यहाँ तो 'नहीं' लिखा है."

आणि अविनाशराव गप्प बसले.

उभा जन्म सरकारी कचेरीत काढलेला माणूस. तोंडी सांगितलेलं खरं नसतं, फायलीत असतं ते खरं, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं. त्यांना वाटलं, आपणच चुकत असू, लिहिलंय म्हणजे बरोबर असेल. आपल्यापैकी कोण वेगळं वागलं असतं?

इंजेक्शन तेच होतं.

त्या डॉक्टर मुलीवर माझा राग नाही. ती कल्याणीला, मृदुलेच्या लेकीला, मिठी मारून रडली. माझा राग त्यानंतर ज्यांना भेटलो त्यांच्यावर आहे. कल्याणीबरोबर मी रुग्णालयाच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "देखिए मैडम, सिस्टम ने वही दिखाया जो फीड किया गया था." मी विचारलं, "दोन बायका, एकच जन्मतारीख, एकच फ्लॅट, एकच मोबाइल नंबर. तुमच्या सिस्टिमला कधी शंका आली नाही?" ते म्हणाले, "डुप्लिकेट रिकॉर्ड का इश्यू है. सब जगह है."

सब जगह है! हे उत्तर आहे? आणि सब जगह असेल तर भ्यायला नको का?

शंका यायला काय कमी होतं? दर वाढदिवसाला तिच्या फोनवर या रुग्णालयाच्या दोन शुभेच्छा यायच्या. प्रिय शैलजाजी. प्रिय मृदुलाजी. ती मला दाखवून हसायची, "बघ, दोघींचा वाढदिवस, केक एकच." मीही हसले होते. जाहिरात पाठवणाऱ्याला दोघींचा पत्ता बरोबर सापडत होता. जीव वाचवणाऱ्याला सापडला नाही.

अवघड काय आहे यात? नवी नोंद करताना यंत्रानं थांबून विचारावं, याच नंबरवर आणखी कुणी आहे, तीच व्यक्ती का? काउंटरवर विचारावं, पूर्वी दुसऱ्या नावानं आला होता का? रिकामं ते रिकामं दाखवावं. आणि हे एकाच नियमानं सगळीकडे व्हावं, सरकारी असो की खासगी, म्हणजे द्वारकेत लिहिलेलं गुरुग्रामला वाचता येईल. मेट्रोच्या फाटकाला जमतं. एका कार्डावर इथून तिथं जाता येतं. माणसाच्या जिवाच्या बाबतीतच का प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेनं लिहितो?

इथं बसलेल्यांपैकी किती जणींची कागदावर दोन नावं आहेत? लाजू नका, हात वर करा.

बघा. मंडळी, मागे वळून बघा. ग्रेसताई, तुमचाही हात? हो, बाप्तिस्म्याचं वेगळं, हाकेचं वेगळं. खाली करा हात. घरी गेल्यावर मुलांना दोन्ही नावं सांगून ठेवा.

आता शेवटचं. गेल्या आठवड्यात रुग्णालयाचं पत्र आलंय. 'नातेवाइकांनी वेगळ्या नावाचं ओळखपत्र सादर केल्यामुळे पूर्वीची नोंद उपलब्ध होऊ शकली नाही.' खाली अविनाशरावांनी 'मान्य' म्हणून सही करायची आहे. आणि हा माणूस सही करायला निघालाय. काल मला म्हणाले, "चूक माझीच ना. कार्ड मी दिलं. बोलायच्या वेळी गप्पही मीच बसलो."

अविनाशराव, माझ्याकडे बघा. तुम्ही मागितलं ते कार्ड दिलंत. बायकोचं खरं नाव सांगितलंत. तिला ॲलर्जी आहे, हे तुम्ही तोंडानं सांगितलंत. त्या सगळ्या इमारतीत खरं बोलणारे तुम्ही एकटे होतात, आणि तुम्हाला एका यंत्रानं खोटं ठरवलं. आता तेच लोक तुमच्याकडून ते खोटं लिहून घ्यायला आलेत. त्या कागदावर सही करू नका. तुम्ही सही केलीत की त्यांच्या लेखी हे प्रकरण मिटलं, आणि उद्या मघाशी वर झालेल्या हातांपैकी एखादीचा नवरा तिथं आधार घेऊन उभा असेल.

आत्ता उत्तर देऊ नका. पण सोमवारी कल्याणी तक्रार द्यायला जाणार आहे, मी तिच्याबरोबर आहे. ज्यांना जमेल त्यांनी या.

मृदुलेसाठी आपण सगळे थोडा वेळ शांत उभे राहू. अविनाशराव, तुम्ही उठू नका. तुम्ही बसा. तुमच्या बाजूनं आम्ही उभे आहोत.