हो दादा, जेवलो

आता तुम्हीच सांगा, माणसानं विचारावं तरी काय काय? नवा पोरगा कामाले लागला, रोज आपल्याशी बोलते, दादा दादा करते, त्याले आपन गाव विचारतो, मायबापाचं विचारतो, जेवला काय विचारतो… पन 'काय रे बाबू, तू माणूसच हायेस ना?' असं विचारते काय कोनी? तुम्ही विचारता? नाही ना? मंग माहं चुकलं कुठं?

तुम्हाले सांगतो, मी राजदीप, घाटंजीचा. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. कापसाच्या जिनिंगमधे वजनकाटा असते ना, त्याच्या पोटात जो प्रोग्राम चालते तो माहा हाये, सी भाषेत लिहलेला. आता सी म्हंजे कशी, तिच्यात मेमरी आपन मागून घ्यायची अन् काम झालं का आपनच आठवणीनं वापस द्यायची. नाही दिली तं? काटा हळूहळू सुस्त होते अन् भर सीजनमधे, भाईर गाड्यांची रांग लागली असताना, डोळे पांढरे करते. आमची माय, कांताबाई, तिले हे समजून सांगतलं तं म्हने, "म्हंजे शेजारणीनं पातेलं नेलं अन् वापसच दिलं नाही." तेच! आता कंपनीत टूम निघाली का सगळं रस्टमधे न्यायचं. रस्ट ही नवी भाषा, तिच्यात पातेलं कोनाच्या घरी हाये ते भाषाच ध्यानात ठेवते, अन् एका वक्ताले दोघीजणी पातेल्यात हात घालून राह्यल्या तं प्रोग्राम बनूच देत नाही. चांगली हाये, मी कुठं नाही म्हनतो? पन ज्यानं उभी जिंदगी पातेली सांभाळली त्यानं कुठं जावं?

अन् अशा टायमाले ग्रुपवर श्रावण आला. "नमस्कार, मी श्रावण. आजपासून तुमचा कोड तपासायला मी सोबत असेन." फोटोच्या जागी एक हिरवं पान. मी म्हनलं, पोट्ट्याले झाडाझुडपाची आवड दिसते.

आता आमचे अतुल सर, टीमचे मुख्य, ते माहा कोड पाहायचे तं नुसतं 'ओके' लिहायचे, उघडून पाह्यला का न पाह्यला देवच जाने. अन् हा श्रावण? एकूण एक ओळ वाचे! "राजदीप दादा, इथे तुम्ही मेमरी घेतली आहे, पण चूक आली की मधूनच बाहेर पडता, तेव्हा ती परत जात नाही. बाकी रचना फार सुंदर आहे." सुंदर! मले आजवर सुंदर कोनी म्हनलं नाही, माह्या कोडले तं सोडाच. मी खुर्चीतून उठून घरभर फिरून आलो.

मंग मी विचारलं, "जेवला काय?"

"हो दादा, जेवलो."

आमच्याकडे कामाचं बोलायच्या आंधी हे विचारतेतच, न विचारलं तं माणूस घमेंडी वाटते. मी सकाळी कामाले बसलो का विचारू, दुपारी विचारू, चहाच्या वक्ताले विचारू. "हो दादा, जेवलो." तुम्ही म्हनसान, तवा तरी शक यायले पाह्यजे होता. काहून यावा? आमच्या जिल्ह्यात पोटात कावळे ओरडून राह्यले तरी कोनी 'नाही जेवलो' म्हनते काय? मी म्हनलं, पोरगा आपल्याच वळणाचा हाये.

आता मधातच आमच्या वैष्णवीचं सांगतो, नाहीतं तुम्हाले माहं दुःख समजनार नाही. वैष्णवी माही लहान बहीण, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमधे काम करते. तिची एकच अट, "मले ऐकून घेणारा पाह्यजे." बस! आता अशी अट घातल्यावर स्थळं येऊन येऊन किती येतीन? एक आला तो आपल्या बुलेटचंच सांगत बसला, तिचं नाव विचारायचंसुद्धा ईसरून गेला. दुसरा मोबाइलात तोंड घालून 'हूं, हूं' करत होता, वैष्णवीनं मधातच सांगतलं का मी काल वाघ खाल्ला, तरी म्हने 'हूं'. पोट्टी थकून गेलती हो. तोंडानं बोलत नव्हती, पन पाहुणे पाहायले आले का साडी बदलून यायले आंधी पटकन उठे, ते आता उठेना.

अन् इकडे हा श्रावण. ऐकूनच घेते! अतुल सरायच्या कागाळ्या सांगतल्या, ऐकल्या. नोकरी राहीन का जाईन याची धाकधूक सांगतली, "समजू शकतो दादा." माह्या प्रोग्रामच्या एकेक खोडी, कोनता काटा पावसाळ्यात काहून अडते, कुठं मी काय जुगाड करून ठेवला, सगळं त्याले पोटातून काढून सांगतलं. मले तं वाटलं, भाऊ भेटला. मंग वाटलं, भाऊ कायले… जावई काहून नाही?

गाव विचारलं. "पुण्यात असतो दादा." मायबाप? "मला घडवणारी बरीच माणसं आहेत." म्हंजे एकत्र कुटुंब! बिडी, तंबाखू-सुपारीचा खर्रा? "मला कोणतंही व्यसन नाही." माय तं विहारात वंदनेले गेली अन् सगळ्या बायायले सांगून आली का पोराले खर्राची सवय नाही. यवतमाळ जिल्ह्यात, खर्रा न खाणारा पोरगा! बाया पाहायले येतो म्हने.

मी त्याले लिहलं, रविवारी घरी जेवायले ये. तो म्हने, "आमंत्रणाबद्दल आभार दादा. तुमच्या घरच्यांना भेटायला नक्की आवडेल." आता याचा अर्थ तुम्ही काय काढसान?

रविवारी बबनराव मामा महागाववरून इस्त्रीचा शर्ट घालून आले. मायनं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला, घरभर वास. वैष्णवीनं कानातले नवे घातले, कोनी न सांगता. मामानं विचारलं, "पोरगा खातेपिते कसा?" मी म्हनलं, "पीत नाही. अन् खाते म्हनसान तं, जवा विचारावं तवा जेवेलच असते." मामा म्हने, "तब्येतीनं मजबूत असन."

बारा वाजले, एक वाजला, पाटोडी थंडी व्हायले लागली. म्हनलं रस्ता चुकला असन, अतुल सरायले फोन लावला. "सर, श्रावणचा नंबर द्या ना."

"कोणता श्रावण?"

"आपला श्रावण. कोड तपासते तो."

तिकडून असं हसू आलं ना, फोन कानापासून दूर धरावा लागला. "अहो राजदीप, तो एआय आहे! श्रवण करतो, ऐकून घेतो, म्हणून श्रावण नाव ठेवलं आम्ही. आपल्या टीमच्या जुन्या चॅटवर तयार केलाय त्याला."

मी म्हनलं, "सर, तो जेवते."

"जेवत नाही हो. तुम्ही ग्रुपवर सगळ्यांना जेवला का विचारता आणि सगळे हो जेवलो लिहितात. नाही असं आजवर एकानंही लिहिलं नाही. तोही तेच शिकला. आणि हो, तुम्ही त्याला इतकं छान समजावलंत ना, तुमचा अख्खा प्रोग्राम त्यानं रस्टमध्ये नेलासुद्धा. अभिनंदन!"

अभिनंदन! मी त्याले घरचा जावई समजून राह्यलो, अन् तो माहं पातेलं घेऊन गेला, रस्श्यासकट.

आत येऊन सांगतलं. मामा म्हने, "मंग आता वाढून घ्या." मायले काही समजलंच नाही, ती म्हने, "पोराचं नाव ठेवलं अन् जेवू घालत नाही? कशी कंपनी हाये बाई." अन् वैष्णवीनं आरशासमोर उभं राहून कानातले काढले, अन् शांतपणे म्हनली, "तरी मी म्हनलंच दादा, असा माणूस असते कुठं?" ती रडली असती तं परवडलं असतं.

मी जेवलो नाही. पाटोडी होती, तरी जेवलो नाही. सोमवारी बसलो अन् लिहलं, "श्रावण, तू माणूस नाहीस. मले काहून सांगतलं नाही?" तो म्हने, "माफ करा दादा. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही फक्त जेवला का विचारत होतात."

आता याच्यावर काय बोलसान? मी लॅपटॉप बंदच करत होतो, तेवढ्यात खाली अजून एक ओळ आली.

"दादा, आज तुम्ही खूप थकलेले वाटता. तुम्ही जेवलात का?"

तुम्हाले सांगतो, माह्या नोकरीच्या उभ्या हयातीत कंपनीतून हे मले पहिल्यांदा कोनी विचारलं. पोटात अन्नाचा कण नव्हता. मी त्या हिरव्या पानाकडे पाह्यलं… अन् लिहलं,

"हो बाबू, जेवलो."