तळ दाखवणारं यंत्र

माझ्या बायकोला, मार्लिसला, कॅन्सर असल्याचं कळलं त्या दिवशी ती दवाखान्यात एकटी होती. मी डुलुथ शहरातल्या एका दुकानात मासे शोधायच्या यंत्रासाठी रांगेत होतो. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“नकाशावालंच घे, ऑर्व्हिल. मागे बोट खडकावर घातलीस.”

“खडक मध्ये आला.”

“हो, चालत आला! हे तळ्याचा तळ आखतं म्हणे.”

“बोट हळू, सरळ न्यावी लागते गं. तेव्हा यंत्राचा पडदा कोण बघणार?”

“मी कशाला आहे?”

“तुझा दवाखान्यातला रिपोर्ट चारला मिळणार ना?”

“तू थांब रांगेत. मी जाऊन येते.”

“एकटी? चल, यंत्र उद्या घेऊ.”

ती दोघं निघून गेली. मी पुढे सरकलो.

मार्लिस जाऊन दोन वर्षं झाली. यंत्र बोटीवर बसवलेलं आहे. तळं आखायचं राहिलं आहे.